दस्त्याचा झिजलेला कोपरा

आबा, काठीचं काय करायचं ते ठरवायची पाळी शेवटी माझ्यावर आली. काठी म्हणजे आपली दुनळी बंदूक. तुम्हाला हे सांगायची गरज नाही, पण हल्ली आपल्या घरातसुद्धा सांगावं लागतं, म्हणून इथे लिहितानाही हात तसाच चालला. दादा गेल्यापासून तिला काठी म्हणणारी मी एकटीच उरले. वहिनी बंदूक म्हणते. तुमचा नातू, दादाचा मुलगा, 'गन' म्हणतो, आणि तो म्हणतो तेव्हा मला वाटतं, दुसऱ्याच कुणाच्या वस्तूबद्दल बोलणं चाललंय. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की बोलणं कुठून धरावं ते कळत नाही. म्हणून काठीपासून धरते.

दादाचं तुम्हाला कळलं असेलच, असं म्हणायची पद्धत आहे. मला नाही वाटत तुम्हाला काही कळत असेल, म्हणून सांगते. पाऊस सरता सरता एका दुपारी तो जेवून उठला, पडवीत टेकला आणि तिथेच गेला. आजारपण नाही, कुणाला हाक मारणं नाही. मी मोहोपाड्याहून पोचले तेव्हा बायका वहिनीभोवती बसल्या होत्या. मला बघून त्यांनी नव्यानं सूर काढला आणि मी त्यांच्यात जाऊन बसले. रडू आलं नाही. तेराव्यालाही आलं नाही. लोक एकमेकांना हळूच सांगत होते, बहिणीला धक्का बसलाय. धक्काबिक्का काही नव्हता, आबा. आत नुसतं सपाट होतं. दात काढायच्या आधी इंजेक्शन देतात, मग गाल आपलाच असतो पण चिमटा काढला तरी कळत नाही, तसं. ते अजून उतरलेलं नाही. हे दुःख आहे असंही मला म्हणता येत नाही, कारण दुःख झालं की कळतं. आई गेली, तुम्ही गेलात, तेव्हा कळलं होतं.

तर दादा गेला तेव्हा काठी घरात नव्हती. निवडणूक लागली होती आणि तुमच्या वेळेसारखीच ती कर्जतला पोलीस ठाण्यात जमा होती. तुम्ही गोधडीत गुंडाळून, वर सुंभ बांधून एसटीनं न्यायचात. दादा मोटरसायकलवर न्यायचा, एवढाच फरक. निकाल लागले, लोकांनी आपापल्या बंदुका परत नेल्या, आपली तिथेच राहिली, कारण ज्याच्या नावावर परवाना तो माणूसच नव्हता. मग ठाण्यातून विचारणा आली की पुढे काय करणार. वहिनी मला म्हणाली, "ताई, तुमच्या आबांची वस्तू हाय. तुमीच काय ते ठरवा. मला तिची भीती नाय, पन तिच्यापायी चकरा मारायचा कटाळा आलाय." तिचं बरोबर होतं. परवाना मिळायचा तो शेताच्या राखणीसाठी, आणि राखायला शेत कुठे राहिलंय? वरचा तुकडा दादाच्याच हयातीत बंगल्यात गेला. खालच्या तुकड्यात, जिथे तुम्ही नाचणी लावायचात आणि डुकरं एका रात्रीत ती लोळवून जायची, तिथे आता तुमच्या नातवाचे तंबू आहेत. पुण्याची नोकरी सोडून आला, फार्मस्टे काढला. कोंडाण्याची लेणी बघायला मुंबईची पोरं येतात, ती उतरतात. पोरगा कष्टाळू आहे, वाईट नाही. चुलीवरची भाकरी, विहिरीत पोहणं, संध्याकाळी शेकोटी, सगळं नीट करतो. त्याच्या मनात आलं की जेवायच्या खोलीत भिंतीवर आजोबांची गन लावावी. खाली पाटी. लोक फोटो काढतील.

डुकरांना निवडणुका कळतात, असं तुम्ही म्हणायचात ते मी त्याला सांगितलं. काठी ठाण्यात गेली की त्याच आठवड्यात कळप उतरायचा, आणि तुम्ही बांधावर उभं राहून रिकामा डबा बडवायचात आणि सरकारला शिव्या द्यायचात. तो खूप हसला. म्हणाला, आत्या, हे पाटीवर लिहू या. मी म्हटलं, लिही.

लोधिवलीच्या पुढे जुन्या हायवेवर एक बंदुका दुरुस्त करणारा आहे. पुढच्या बाजूला कुलपं आणि एअरगन, मागच्या खोलीत खरं काम. कागदपत्रं सगळी नातवानं केली आणि त्या माणसानं काठी ठाण्यातून आपल्या ताब्यात आणली. मग नातू गाडी घेऊन मोहोपाड्याला आला आणि आम्ही दोघं तिकडे गेलो. माणूस माझ्याच वयाचा असेल, बोलघेवडा, स्वतःच्या बोलण्यावर खूश. त्यानं टेबलावर हिरवं फडकं अंथरलं, त्यावर काठी ठेवली, आणि मी ती किती वर्षांनी बघितली ते मला सांगता येणार नाही. नळीवर बारीक गंज होता. बाजूच्या पत्र्यावरचा कोरलेला कुत्रा आणि गवतातून उडणारी दोन पाखरं होती तशीच होती. त्या कुत्र्याच्या कानात साठलेलं तेल तुम्ही खराट्याच्या काडीनं काढायचात. मी तिकडे बघत राहिले आणि वाट बघितली, की आता काहीतरी होईल. काही झालं नाही.

त्यानं खटका दाबून ती मोडली. तो आवाज मात्र ओळखीचा. मोडली म्हणजे मधे वाकवून उघडली, नातवाला मी तिथेच समजावलं, कारण मी लहानपणी त्याच शब्दाला फसले होते. तुम्ही दादाला म्हणालात, "मोडून दाव," आणि त्यानं ती मांडीवर धरून कटकन वाकवली, आणि मी भोकाड पसरलं की दादानं आबांची काठी मोडली. आईसुद्धा चुलीपासून उठून धावत आली. तुम्ही मला जवळ घेतलंत, दोन्ही नळ्या आभाळाकडे केल्यात आणि म्हणालात, बघ यातून. मी डोळा लावला. आत चकचकीत गोल भिंती आणि पलीकडे उजेडाची टिकली. मग दुसऱ्या नळीतून, तिथेही तशीच टिकली. तुम्ही म्हणालात, उजेड दिसला की समजायचं रिकामी हाय, मग कोनालाच भ्यायाचं कारन नाय. त्यानंतर दसऱ्याच्या आधी तुम्ही ती साफ करायला घेतलीत की मला तो उजेड बघायचाच असायचा. काठी कुणाच्याही हातातून तुमच्या हातात आली की तुम्ही आधी मोडून बघायचात, मग दादाच्या हातातून असो की फौजदाराच्या. फौजदाराला राग आला होता एकदा.

दुरुस्तीवाल्यानं उघडलेल्या नळीपाशी नाक नेलं. म्हणाला, "अजून वास धरून आहे बघा, मॅडम. दारूचा आणि तेलाचा." आणि ती माझ्यापुढे धरली. मी वाकून वास घेतला. आबा, मला वास येत नाही. मधे एक ताप आला होता सगळ्यांना, त्यात गेला, तो परत आलाच नाही. कारखान्याच्या ज्या प्रयोगशाळेत मी जन्मभर नोकरी केली तिथे रसायन नाकानं ओळखण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि आता डाळ करपली तरी शेजारीण येऊन सांगते. मी त्या माणसाला म्हटलं, हो, येतोय. उगाच कशाला त्याचा विरस करायचा.

मग त्यानं तिची तारीफ सुरू केली. विलायती आहे, शंभरीची असेल, नळ्यांवर ही जी पाण्यासारखी लहर दिसते ती लोखंडाच्या पट्ट्या पिळून केलेली असते, असलं काम आता होत नाही. तुम्ही सांगायचात ते मला आठवलं, की आज्यानं साहेबाच्या बंगल्याची राखण केली आणि साहेब देश सोडून निघाला तेव्हा ही त्याला देऊन गेला. दुरुस्तीवाल्याचं म्हणणं, हौशी माणसं असतात, परवाने असलेली, ती अशी वस्तू जिवापाड जपतात. त्यांच्याकडे जाऊ द्या. तुमचा नातू म्हणाला, काका, ती घरातच राहायला हवी, आम्हाला चालवायची नाहीये, लावायचीय. तेव्हा त्या माणसानं तोंड वाकडं केलं. म्हणाला, "मग मुकी करावी लागेल."

मी विचारलं, मुकी म्हणजे? म्हणजे आतून बुजवायची, म्हणाला. नळ्या मधोमध बंद, घोडे निकामी, पुन्हा कधी वाजणार नाही अशी. मग परवान्याची भानगड नाही, त्याचा दाखला मिळतो, आणि ती नुसती शोभेची वस्तू होते. असल्या नळ्यांत वितळलेलं लोखंड ओतायचं म्हणजे पाप आहे, हेही त्यानं सांगितलं. तुम्ही म्हणाल तर मी करीन, पण खुशीनं नाही. नातू म्हणाला, करायचंच आहे तर नीट करू या, नळ्यांना निळी झळाळी, पत्र्याला पॉलिश, दस्ता नवा. बराच वेळ ते दोघं वाद घालत होते. एकाला ती जुनी ठेवायची होती, एकाला नवी दिसायला हवी होती, आणि मी मधे बसून दोघांचे चहाचे कप बघत होते.

एकाच गोष्टीवर त्यांचं जमलं. दुरुस्तीवाल्यानं काठी उलटी केली आणि दस्त्याचं टोक दाखवलं, खांद्याला लागतं ते. तिथली पट्टी कधीच निघून गेली होती. उघडं लाकूड, आणि त्याचा एक कोपरा झिजून गोल झालेला, त्यात बारीक खडे रुतलेले. त्यानं त्यावरून अंगठा फिरवला आणि चुकचुकला. "एवढी चांगली वस्तू आणि कुणीतरी अडाण्यासारखी जमिनीवर आपटलीय बघा." म्हणाला, हौशी माणसाकडे द्यायची तर एवढा भाग कापून अक्रोडाचा तुकडा जोडू, असा की सांधा दिसणार नाही. नातू म्हणाला, आणि आमच्याकडेच राहिली तर दस्ताच बदलू, हा फोटोत घाणेरडा दिसतो. म्हणजे जपायची असली तरी तो कोपरा जाणार आणि बदलायची असली तरी जाणार. दोघांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, मला आठवडाभर विचार करू दे.

तो कोपरा कसा झिजला हे मी त्यांना सांगितलं नाही. राग आला म्हणून नाही. तोंड उघडलं असतं तर सांगताही आलं असतं, अगदी बातम्या सांगतात तसं. पण त्या आधी काठी म्हणजे काय हे सांगायला लागलं असतं.

काठीचं कारण मला तुम्ही फार लवकर शिकवलंत. मी दुसरीत असेन. निवडणूक लागलीय आणि आपण दोघं एसटीनं कर्जतला निघालोय, गुंडाळी तुमच्या गुडघ्यांच्या मधे उभी. मागच्या बाकावरचा एक जण विचारतो, एवढं लांब काय बांधलंय वो? तुम्ही म्हणता, काठी हाय. आणि मला वाटतं, आबा चुकले, घरातला शब्द बाहेर बोलले, म्हणून मी भर गाडीत ओरडून सांगते, "काठी नाय, बंदूक हाय!"  समोरची म्हातारी आपली कोंबड्यांची पाटी उचलून दोन बाकं पुढं जाऊन बसते. आणि तो मागचा माणूस पुढं वाकून हळूच विचारतो, आमच्याकडं डुकरं लई झाल्यात, देता का दोन दिवस? तुम्ही खिडकीबाहेर बघत राहता. तुमचं रागावणं असंच असायचं, आवाज वर जायचा नाही, खाली जायचा. कर्जतला उतरल्यावर तुम्ही मला गाड्यावरची भजी घेऊन दिलीत आणि मी खात असताना म्हणालात, "बंदूक म्हटली का मानसं घाबरत्यात, नायतर मागत्यात. काठी म्हटलं का कोनी मागत नाय. कललं का गं?" मी मान हलवली. भजी इतकी गरम होती की डोळ्यांत पाणी आलं होतं आणि तुम्हाला वाटलं मी रडतेय, म्हणून आणखी एक पुडा घेतलात.

आणि मग तुमचा शेवटचा उन्हाळा. उजवा पाय ओढायला लागला होता तुमचा, दम लागायचा, आणि मी रजा टाकून गावी आले होते. तुम्ही पडवीत खाटेवर. दादानं शेताच्या कडेचा बांबू तोडून, तासून, पेरं घासून तुमच्यासाठी छान काठी केली होती, ती दाराशीच उभी होती. दुपार टळते आहे, आई परसात भांडी घासते आहे, आणि तुम्ही म्हणता, काठी दे गं, जरा बांधापतूर जाऊन येतो. मी उठते, त्या बांबूच्या बाजूनं आत जाते, माजघरातल्या खुंटीवरून दुनळी काढते आणि आणून तुमच्या हातात देते. एवढा अभ्यास केलेली, कारखान्यात पाच जणांना हाताखाली घेणारी बाई, पण माझ्या डोक्यात आलंच नाही की आजारी माणूस काठी मागतो तेव्हा काठी मागतो. आपल्या घरात काठी म्हणजे तीच. तुम्ही तिच्याकडे बघितलंत, मग दाराशी उभ्या बांबूकडे, मग माझ्याकडे. आणि हसायला लागलात. खोकला येईपर्यंत हसलात. आई हात पुसत आली, तिला कळेना काय झालं, आणि मला तर लाजेनं मेल्यासारखं झालं. मी ती परत न्यायला हात पुढं केला तर तुम्ही दिली नाहीत. सवयीनं मोडलीत, दोन्ही नळ्यांतून अंगणाकडे बघितलंत, मिटलीत, दस्ता जमिनीला टेकवलात आणि नळी धरून उठलात. म्हणालात, "ऱ्हाऊ दे. बांबूची घेतली का म्हातारा दिसतो. ही घेतली का वाटतं, मानूस कामाला निघालाय."

तेव्हापासून रोज तेच. ज्या वस्तूला तुम्ही आम्हाला कधी जमिनीवर ठेवू दिलं नाही, खंडेनवमीला जिला झेंडूची माळ घालून पाटावर निजवायचात, ती घेऊन तुम्ही मुरमावरून टेकत टेकत बांधापर्यंत जायचात. दर वेळी निघायच्या आधी मोडून बघायचात. दादा कुरकुरला, दस्ता खराब होतोय म्हणाला. तुम्ही म्हणालात, व्हऊ दे. वाटेवरून जाणारे विचारायचे, काय आबा, शिकारीला का? तुम्ही म्हणायचात, यमाला बघाया चाललोय, दिसला तर धाडून दे. उजवा पाय ओढायचात म्हणून एकाच कोपऱ्यावर सगळा भार यायचा. पाऊस पडायच्या आत तो कोपरा गोल झाला, आणि तुम्ही गेलात. त्या दिवसांत मी तुमच्या मागून चालायचे, पडलात तर धरायला. मला माझ्या सगळ्या आयुष्यात इतकं बरं क्वचित वाटलं असेल. ते मला आठवतं. कसं वाटलं ते आता वाटत नाही, पण वाटलं होतं हे आठवतं.

तो आठवडा मी विचार करण्यात घालवला असं म्हणवत नाही. भाजी आणली, पाण्याचं बघितलं, कॉलनीतल्या एका लग्नाला जाऊन आले. ती तशीच जिवंत ठेवायची तर परवाना माझ्या नावावर घ्यावा लागणार, आणि साहेबानं विचारलं की कशासाठी हवी, तर मोहोपाड्याच्या तिसऱ्या मजल्यावर मी कसली राखण सांगणार? हौशी माणसाकडे गेली तर तो ती जपेल, तेल देईल, वर्षातून एकदा उडवेलही, आणि अक्रोडाचा तुकडा जोडेल. एका सकाळी चहा गाळताना मला वाटलं, मुकी केली की ती काय होते? वाजत नाही, भरता येत नाही, कुणी घाबरायचं कारण नाही. लाकूड आणि लोखंड, टेकायला. म्हणजे आपण तिला इतकी वर्षं जे म्हणत आलो तेच होते की. दुरुस्तीवाला त्याला पाप म्हणत होता आणि मला त्यात काही गैर दिसेना. मला वाटतं तुम्हालाही दिसलं नसतं, पण हे मी माझ्या सोयीनं म्हणते आहे, तुम्हाला कुठे विचारता येतंय.

मग मी एकटीच रिक्षा करून लोधिवलीला गेले. त्याला म्हटलं, मुकी करा. नळ्यांचं काय करायचं ते तुम्ही जाणता. पण झळाळी नको, पॉलिश नको, आणि दस्त्याला हात लावायचा नाही. त्यातला एक खडासुद्धा काढायचा नाही. तो बघतच राहिला. म्हणाला, "म्हणजे ना धड जुनी राहिली, ना धड नवी झाली. मॅडम, मला काम करायला तरी काय उरलं मग?" मी म्हटलं, तसंच हवंय. त्यानं पुन्हा समजावून बघितलं, की निदान तो कोपरा तरी सारखा करू द्या, माझ्या दुकानातून असली वस्तू गेली तर लोक मला हसतील. तेव्हा मी त्याला सांगितलं. सगळं नाही. एवढंच की माझे वडील शेवटी हिला टेकून चालायचे. तो हातातलं फडकं घेऊन उगाचच टेबल पुसायला लागला. पुसून झाल्यावर म्हणाला, ठीक आहे, पुढच्या आठवड्यात या.

मी आणायला गेले तेव्हा त्यानं ती जुन्या चादरीत बांधून ठेवली होती. दाखला दिला. मी गाठ सोडली, ती मोडली आणि नळीला डोळा लावून रस्त्याकडे धरली. काळं. दुसरी, तीही काळी. मला ठाऊक होतं असणार म्हणून, तरी बघितलं. तो मागून म्हणाला, मॅडम, आता त्यात काय बघता? त्याच्या जागी मीही तेच विचारलं असतं. तुमच्या हिशेबानं उजेड नाही म्हणजे भरलेली. ती हातात घेऊन मी तिथे थोडा वेळ उभी होते, आणि मनात म्हटलं, आता रडू येईल तर येऊ दे, इथे ओळखीचं कुणी नाही. नाही आलं. मग चादर गुंडाळली आणि रिक्षात बसले. रिक्षावाल्यानं विचारलं, काय आहे एवढं लांब? मी म्हटलं, काठी आहे. तो म्हणाला, आडवी धरा, बाहेर लागेल.

माझ्या इमारतीला लिफ्ट नाही, आणि उजवा गुडघा वर्षभर ठणकतोय, आपल्या घराण्याचा तोच. पहिला जिना कसाबसा चढले, दुसऱ्यावर चादर सुटली. मग मी ती काढून खांद्यावर टाकली, दस्ता पायरीवर ठेवला, नळी धरली आणि वर आले. उंचीला ती बरोबर बसते, आबा. तुमची आणि माझी उंची सारखीच होती, आई सारखं म्हणायची, पोरीनं बापाची उंची घेतली, आता नवरा शोधायला त्रास. लोखंड हाताला गार लागलं. एवढं कळलं.

आता ती माझ्या दाराच्या मागे उभी असते. स्वयंपाकघरापासून गॅलरीपर्यंत जाते, कपडे वाळत घालते, परत येते. निघायच्या आधी मोडून बघते, काळं दिसतं, मिटते आणि चालायला लागते. हे कागद कुठे टाकायचे नाहीत. गुंडाळून नळीत सरकवून ठेवणार आहे, एवढं तर आत जाईल. पलीकडून पडायची भीती आता नाही.

एक सांगायचं राहिलं. काठीचं काम झालं की ती नातवाला द्यायची असं आमचं ठरलंय. त्यानं भिंतीवर लाकडाच्या खुंट्या बसवून घेतल्यात, मला फोटोही पाठवला. काल त्याचा फोन आला, आत्या, गन झाली का गं? मी म्हटलं, नाही रे, तो माणूस अजून नळ्यांवर बसलाय, जुनं काम आहे, वेळ लागणार. बरं म्हणाला. मग गुडघ्याची चौकशी केली, मायाळू आहे तो. मी म्हटलं, हल्ली घरात काठी घेऊन चालते. तो म्हणाला, "बरं केलंस, आत्या. चांगली आहे ना?" मी म्हटलं, चांगली आहे. त्यानं मागितली नाही.